कावळ्यासमोर दिलेला शब्द

भर दुपारी श्यामकांतदादांच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट जळत होती. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत खिडकीला पुठ्ठा, तोही नुसता टेकवलेला नाही, चारी बाजूंनी खिळे ठोकून बसवलेला. दादांची बायको मनोरमावहिनी म्हणजे याच खिडकीतून अख्ख्या आळीवर नजर ठेवणारी बाई. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं तिला भाजी निवडता निवडता कळायचं. ती आज पुठ्ठ्याकडे पाठ करून उभी होती आणि किसायला घेतलेलं आलं तसंच हातात धरून चहाकडे बघत होती.

हिरकणीने विचारलं, वहिनी, खिडकीला काय झालं. काच फुटली, असं वहिनी म्हणाली. हिरकणीने पुठ्ठ्याकडे निरखून पाहिलं. पुठ्ठ्याच्या फटीतून धडधाकट काच तिला दिसत होती.

"तू बाहेर जाऊन बस," वहिनी म्हणाली. "सगळे खोळंबलेत तुझ्यासाठी."

खोळंबणारच की. बैठक बोलावली होती तीच मुळी हिरकणीला तिने कोर्टात घातलेली केस मागे घ्यायला लावण्यासाठी. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडाने जो तो 'घरातलं घरात बसून बोलू' एवढंच म्हणत होता.

घरातलं म्हणजे हरिश्चंद्र. दादांचा धाकटा भाऊ, हिरकणीचा नवरा. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला जातो म्हणून घरातून निघाला, त्याला आता आठ-नऊ वर्षं होत आली. मोटारसायकल चारोटीच्या नाक्यावर एका हॉटेलामागे सापडली, किल्ली तशीच लावलेली. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला, वापी-सुरतेपर्यंत माणसं जाऊन आली, महालक्ष्मीच्या गडावरची झाडी पालथी घातली. काही म्हणजे काही नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही आणि जिवंत म्हणावं तर साधा फोन नाही. बायकोने कुंकू लावायचं की पुसायचं, हे सांगायलाही कोणी पुढे आलं नाही. हिरकणीने आपल्या मनाने लावायचं ठरवलं आणि कैनाडच्या चिकूवाडीतल्या घरात ती एकटी राहिली.

ही वाडी सातबाऱ्यावर दोघा भावांच्या नावाने. हरिश्चंद्राला कचेऱ्यांचा भारी कंटाळा, म्हणून त्याने फार पूर्वीच दादांना मुखत्यारपत्र करून दिलं होतं, की माझ्या वतीने तुम्हीच सही करा. रेल्वेत नोकरी केलेला थोरला भाऊ, कागदपत्रं त्यालाच कळतात, असा तेव्हा सगळ्यांचा भाबडा हिशोब. आता दादांचा मुलगा परेश याने वाडी एका रिसॉर्टवाल्या शेठला द्यायचं पक्कं केलं होतं, झाडं, विहीर, हिरकणीचं घर, सगळ्यासकट. हरिश्चंद्राची सही दादाच करणार. हिरकणीला विचारायचा प्रश्नच नव्हता. नवरा जिवंत आहे तोवर ती मालकीण नाही, आणि नवरा गेला असं म्हणायला घरातलं कोणी तयार नव्हतं.

हे तिला उलगडून सांगितलं तलासरीच्या निलम धोडी वकीलबाईंनी. त्याआधी ती डहाणूतल्या एका बड्या वकिलाकडे जाऊन आली होती. त्याने तिला पढवलं होतं की कोर्टात 'काही खबर नाही' एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण हिरकणीच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती तिला झोपू देत नव्हती.

गेल्या सर्वपित्री अमावास्येपासून वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावर रोज दिवेलागणीला एक चिकू ठेवलेला असायचा. देठ खाली आणि सालीवर नखाची खूण. चिकू उतरवायला झाला का ते नखाने खरवडून बघतात, आत हिरवं दिसलं तर राहू द्यायचा, पिवळट दिसलं तर काढायचा, वाडीवाल्याच्या पोराटोरांनाही हे येतं. पण बाकीचे सरळ रेघ ओढतात. हरिश्चंद्र कोर काढायचा, नखाएवढी वाकडी कोर, आणि उतरवलेलं पहिलं फळ विहिरीवर ठेवून मगच दुसऱ्याला हात लावायचा. कठड्यावरच्या चिकूवर तीच कोर असायची. पहिल्या दिवशी हिरकणीने ती बघितली. तिने हाका मारल्या, झाडाझाडाखाली जाऊन बघितलं. वाडीत पानही हलत नव्हतं.

निलमताईंना हे सांगताना तिची मान वर होत नव्हती. "हे कोर्टात लपवायचं ना?" तिने विचारलं.

"नाही, काकी. तुम्ही शपथ घेणार आहात. विचारलं तर हेही सांगायचं, जसं आहे तसं. न्यायाधीश हसले तर हसू देत. फळ म्हणजे खबर होत नाही, ते कायद्याने मांडायचं काम माझं. पण तुमचा एक शब्द खोटा निघाला, तर बाकीचे सगळे खरे शब्द फुकट जातील."

"म्हणजे ते आहेत की गेले?"

"ते मला माहीत नाही. कायद्यालाही नसतं. ज्यांना खबर लागायलाच हवी होती, त्यांना सात वर्षं ती लागली नाही, तर कायदा माणूस गेला असं धरतो. मग जिवंत आहे म्हणणाऱ्याने त्याला दाखवायचा. आणि माणूस गेला की त्याचं मुखत्यारपत्रही गेलं. मग सही तुमची आणि तुमच्या मुलीची, मयूरीची."

हिरकणी तिथून बाहेर पडली तेव्हा डोकं हलकं झालं होतं, आणि तलासरीच्या नाक्यावर गाडीची वाट बघताना तिला एकदम रडू कोसळलं. घर वाचवायचं तर कोर्टात केस घालून आपल्याच तोंडाने नवऱ्याला गेला म्हणायचं होतं. शेजारच्या भाजीवालीने काही न विचारता तिला बसायला पाट दिला.

तर बैठक. दिवाणखान्यात दादा आरामखुर्चीत बसले होते आणि हिरकणी त्यांच्याकडे बघतच राहिली. हा काय तो रुबाबदार माणूस, गालांची हाडं वर आलेली, सदरा खांद्यावरून घसरत होता. तिथल्याही खिडक्या बंद होत्या. पंख्याची हवा गरम लागत होती तरी कोणी खिडकी उघडा म्हणत नव्हतं. समोर परेश मोबाइल चाळत बसला होता. हिरकणीची मुलगी मयूरी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि शाळेच्या गावीच राहायची, ती ओठ आवळून आईच्या खुर्चीमागे उभी राहिली. निलमताई कोपऱ्यात शांत बसल्या होत्या. वकील घरात आणला म्हणून परेशने आल्या आल्या नाक मुरडून घेतलं होतं.

दादांनी सुरुवात धर्मापासून केली. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, मग सुतक, मग श्राद्ध. आपल्या घराण्यात हे असंच चालत आलंय. बारा वर्षांआधी जित्या माणसाला मेला म्हणणं म्हणजे पाप आहे, आणि तेही त्याच्या बायकोने म्हणणं. त्यांचा आवाज नेहमीसारखा भरदार सुरू झाला आणि मध्येच विरला. ते मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागले.

तोवर परेशने धागा उचलला. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नाही. "काकी, अगं तुलाच तर रोज पुरावा मिळतो. विहिरीवर चिकू कोण ठेवतं? त्यावर काकांचीच खूण असते की नाही? काका येतात, बघून जातात. समोर यायला लाजत असतील. आणि तू त्यांना कोर्टात नेऊन मारतेस?"

 हिरकणीच्या मनात रोज रात्री येणारं वाक्य परेशने जसंच्या तसं बोलून दाखवलं होतं.

"खुणेचं तुम्हाला कोणी सांगितलं?" निलमताईंनी विचारलं.

परेश जरा गडबडला. मग म्हणाला, लहान्या बोलला. लहान्या म्हणजे वाडीत कामाला येणारा गडी. हिरकणीला माहीत होतं की लहान्या दिवेलागणीच्या कितीतरी आधी घरी जातो. तिने मयूरीकडे पाहिलं, मयूरीने परेशकडे, आणि परेश पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. निलमताईंनी तो विषय ताणला नाही. त्या दादांकडे वळल्या.

"दादा, तुम्ही जुनी रीत मानता, म्हणून विचारते. पुतळा अजून केला नाही, बरोबर. मग या घरात हरिश्चंद्रांच्या नावाने दुसरं काही केलंय का? पान, पाणी, पिंड, काहीही?"

दादांनी नजर पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली.

"कोर्टात तुम्ही ते जिवंत आहेत असं सांगणार. तेव्हा शपथेवर मी हेच विचारणार आहे. आज घरात विचारलेलं बरं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. ठक. मग जरा थांबून पुन्हा ठक, ठक. बाहेरून कोणीतरी काचेवर टोचल्यासारखा. दादांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. परेश म्हणाला, वाऱ्याने फांदी आपटते, पण तो ज्या घाईने बोलला त्यावरून त्याचाही त्यावर विश्वास नव्हता.

मनोरमावहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. या दोघी जावांचं आयुष्यात कधी धड जमलं नव्हतं, लोणच्याच्या बरणीपासून लेकीच्या बारशापर्यंत कशा ना कशावरून धुसफूस चालायची. वहिनीने ट्रे टेबलावर ठेवला आणि दादांकडे न बघता ती सरळ हिरकणीपुढे येऊन बसली.

"मी सांगते," ती म्हणाली. दादांनी तिला नावाने हाक मारून थांबवलं. "नाही, आता सांगूनच टाकते. मला या घरात श्वास घेता येत नाही."

आणि तिने सांगितलं. भादव्यात दादांची झोप उडाली होती. डोळा लागला की हरी उशाशी येऊन उभा राहायचा, बोलायचा नाही, नुसता बघायचा. शेवटी सर्वपित्रीला दोघं गुपचूप बोर्डीला गेली, सुरूच्या बनापलीकडे, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा जागी. भटजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. दादांनी धाकट्या भावाचं नाव सांगून पिंड ठेवला. जगापुढे भाऊ जिवंत आणि समुद्रापुढे मेलेला. घराण्याची रीत सांभाळण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला भुताच्या भीतीनेही रीतच आठवली.

"पण कावळा शिवेना," वहिनी म्हणाली. "आसपास इतके होते, पण पिंडाजवळ एकही येईना. ऊन चढलं. मग हे बोलायला लागले. हरी, मयूरीच्या लग्नात काही कमी पडू देणार नाही. नाही शिवला. हरी, तुझी झाडं वाळू देणार नाही. नाही शिवला. भटजी म्हणाले, मनातलं बोला. तेव्हा यांनी हात जोडले आणि म्हणाले, हरी, तुझा हिस्सा हिरकणीच्या हातात देईन. वाक्य पुरं व्हायच्या आत आला गं. यांच्या मनगटाला पंख लागला, इतक्या जवळून."

वहिनीने स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"त्या दिवसापासून तो इथे येतो. त्या खिडकीत बसतो. भात ठेवला तर खात नाही, हाकलला तर जात नाही, ओरडतसुद्धा नाही. नुसता आत बघतो. म्हणून पुठ्ठा मारला, तर आता टोचतो."

हिरकणी ऐकत होती आणि तिच्या डोक्यात हिस्साही नव्हता, वाडीही नव्हती. दादांनी पिंड दिला. म्हणजे दादांना आत कुठेतरी ठाऊक होतं. ती रोज कुंकू लावत होती, विहिरीवर हाका मारत होती, आणि इकडे समुद्रावर तिच्या नवऱ्याचा निरोप घेऊन झाला होता, तिला न सांगता. राग तिला आवरेना.

"मला बोलवायचं होतं, दादा," ती म्हणाली. "हिस्सा राहू दे. मला तिथे नेलं असतं तरी चाललं असतं."

दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. परेश उठून सांगायला लागला, की आईचं डोकं फिरलंय, असल्या गोष्टी कोर्टात कोण ऐकतं, कावळ्याला काय साक्षीला आणणार का.

"कावळ्याची गरज नाही," निलमताई म्हणाल्या. "जिवंत माणसाला पिंड कोणी देत नाही, एवढंच मी विचारणार. सर्वपित्रीला पिंड दिला आणि आता दिवाळीनंतर भावाच्या नावाने सही करायला निघालात, हे दोन्ही दादांना एकाच तोंडाने सांगावं लागेल. मी तुम्हाला घाबरवत नाही. यातून बाहेर यायची वाट दाखवतेय. दादांनी खरं सांगितलं तर माझं भांडण त्यांच्याशी राहणारच नाही."

परेशने बापाकडे पाहिलं. तिथे आता त्याच्या बाजूचं कोणी उरलेलं नव्हतं.

वहिनी उठली, उलथनं घेऊन आली आणि तिने पुठ्ठ्याचे खिळे उचकटायला घेतले. मयूरी मदतीला धावली. पुठ्ठा निघाला तसं पांढरं ऊन आत सांडलं आणि गजांपलीकडे कावळा दिसला. मान किंचित वाकडी करून तो बसला होता. त्याच्या पुढ्यात, बाहेरून ठेवलेल्या वाटीत सकाळचा भात, त्याला चोच लावलेली नव्हती. दादा भिंतीला धरत धरत दारापर्यंत आले.

"देतो," ते खिडकीकडे बघून म्हणाले. "शेठला नाही म्हणून कळवतो. हिरकणीचा हिस्सा हिरकणीला."

कावळा हलला नाही. भाताकडे त्याने बघितलंही नाही. वहिनीने तोंडाला पदर लावला, अजून काय हवंय त्याला म्हणून ती स्फुंदायला लागली.

निलमताई पिशवी खांद्याला लावत होत्या. "अजून तोंडीच आहे ना," त्या म्हणाल्या. "तोंडी शब्द त्याला एकदा मिळालाय. आता कोर्टात बोला, दादा."

पुढच्या तारखेला डहाणूच्या कोर्टात दादा पिंजऱ्यात उभे राहिले आणि सगळं बोलले. बोर्डी, पिंड, मनगटाला लागलेला पंख, काही वगळलं नाही. आवाज बारीक होता, पण फुटला नाही. त्याआधी हिरकणीची साक्ष झाली. निलमताईंनी तिला आपणहूनच चिकूबद्दल विचारलं. कोणाला कुजबुजायला जागा राहू नये म्हणून तेही त्यांनीच काढलं. हिरकणीने जसं होतं तसं सांगितलं. कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवून विचारलं, त्या फळांचं तुम्ही काय करत होता.

"अर्धं मी खायची, साहेब," ती म्हणाली. "अर्धं तिथेच ठेवायची."

मग निलमताईंनी तिला विचारलं, की या फळाखेरीज नवऱ्याचा निरोप, पत्र, फोन, कोणाकरवी खबर, काही आलं का. तिचं एक 'नाही' आणि घर वाचत होतं, आणि तेवढंच तिच्या तोंडातून निघत नव्हतं. निलमताईंनी घाई केली नाही, शब्द पुरवला नाही. पिंजऱ्याच्या कठड्याला हात लावून त्या नुसत्या जवळ उभ्या राहिल्या.

"नाही," हिरकणी म्हणाली. "काहीच आलं नाही."

निकाल लागायचा तेव्हा लागणार होता, पण आता त्यात अडथळा राहिला नाही, असं निलमताई पायऱ्या उतरताना म्हणाल्या. रिसॉर्टवाल्याने वाडीचा नाद सोडला होता. वाडीवर पोहोचते न पोहोचते तोच वहिनीचा फोन आला. आवाजात रडूही होतं आणि हसूही. वाटी रिकामी होती. सगळा भात खाऊन गेला, आणि खिडकीत आता कोणी नाही.

हिरकणीने फोन ठेवला. दिवेलागण झाली होती, चिकूंच्या झाडांखाली काळोख दाटत होता. ती चपला न घालताच विहिरीकडे गेली.

कठडा रिकामा होता.

तिने हाताने चाचपून पाहिलं, सगळीकडून फिरून पाहिलं, खाली गवतात पडला असेल म्हणून वाकून पाहिलं. काही नव्हतं. आजवर परेशने ठेवला असेल तर त्याला आता ठेवून उपयोग नव्हता. ह्यांनी ठेवला असेल तर ह्यांचंही काम झालं होतं. कसाही हिशोब केला तरी आता चिकू येणार नव्हता, हे तिला कळलं, आणि मग तिने कठड्यावर डोकं टेकलं.

"घर राहिलं हो," ती म्हणाली. "पण तुम्ही थांबायचं होतं."

खूप वेळाने ती उठली. पदराचं टोक विहिरीवरच्या बादलीतल्या पाण्यात भिजवून तिने कपाळ पुसलं, आणि अंधारात हात वर करून हाताला लागला तो पहिला चिकू तोडला. पिकला की कच्चा, नखाने बघितलं नाही. तसाच, देठ खाली करून, तिने तो कठड्यावर ठेवला आणि दिवा लावायला घरात गेली.